रानकांदा आणि काजवा : भूमीचे दोन साक्षीदार

(वनमहोत्सवानिमित्त पनवेल येथे शिक्षक, विद्यार्थी व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वनमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बहुधा वृक्षांविषयी बोलले जाते आणि ते उचितच आहे. सावली देणारा, फळ देणारा, डोंगराची माती धरून ठेवणारा वृक्ष हाच या उत्सवाचा मानकरी होय. आज मात्र, आपली अनुमती गृहीत धरून, मी वृक्षाविषयी बोलणार नाही. ज्याची रोपे रोपवाटिकेत मागायला कोणी जात नाही आणि ज्याच्यासाठी कोणी खड्डा खणत नाही, अशा एका कंदाविषयी मी बोलणार आहे. आणि ज्याला पकडून काड्यापेटीत ठेवण्याचा उद्योग आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केला असेल, अशा एका किड्याविषयी. कंदाचे नाव रानकांदा. किड्याचे नाव काजवा.

एक वनस्पती आणि दुसरा भुंगेरा. एक जमिनीला खिळलेला, दुसरा हवेत तरंगणारा. या विजोड जोडीची तुलना कशासाठी करावयाची, असे आपल्या मनात येईल. माझ्याही मनात ती आपण होऊन आली नाही. मी कला शाखेचा पदवीधर. वनस्पतिशास्त्र आणि कीटकशास्त्र हे दोन्ही माझे प्रांत नव्हेत. ही तुलना मला एका वृद्ध ठाकूर गृहस्थाने शिकविली.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस शासकीय योजनांच्या प्रसिद्धीच्या कामासाठी आम्ही प्रबळगडाच्या पायथ्याच्या एका वाडीवर गेलो होतो. सभा संपेपर्यंत अंधार पडला. वाडीच्या कडेला, मुरमाड उतारावर, गुडघाभर उंचीची एक वाळकी काडी उभी होती. ना पान, ना फूल. टोकाकडे काही सुकी बोंडे तेवढी लटकत होती. मी ती सहज मोडू लागलो, तेव्हा तो वृद्ध म्हणाला, "राहू द्या, साहेब. रानकांदा आहे तो. ह्याचं फुलून झालं, आता त्याचं बघा." त्याने बोट दाखविले त्या दिशेला ऐनाचे एक झाड होते आणि त्या झाडावर काजव्यांची पहिली फेर धरली जात होती. तो पुढे म्हणाला, "दोघंबी मातीतलेच. वरीसभर खाली राहायचं आणि आठ-पंधरा दिवस वर येऊन जायचं."

त्या दोन वाक्यांत जे सांगितले गेले, त्याचाच विस्तार मी आज करणार आहे.

मातीच्या पोटातील शिल्लक

प्रथम रानकांदा. त्याला कोळकांदा असेही म्हणतात. संस्कृत वैद्यकग्रंथांत तो वनपलांडू या नावाने येतो. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. जुन्या पुस्तकांत अर्जिनिया इंडिका असे आढळेल. घरातील कांदा उभा चिरला असता जशी एकात एक बसलेली पापुद्र्यांची रचना दिसते, तशीच रचना रानकांद्याचीही असते. हे पापुद्रे म्हणजे वस्तुतः पानांचे अन्न साठविणारे बुंधे होत. पावसाळ्यात जमिनीवर लांब, अरुंद पानांचा झुबका येतो. ती पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि ते खाली कंदात उतरवितात. पाऊस सरला की पाने पिवळी पडून नाहीशी होतात. वर पाहणाऱ्याला वाटते, झाड मेले. प्रत्यक्षात ते आपली वर्षाची कमाई घेऊन जमिनीखाली निजलेले असते.

मग उन्हाळा येतो. माळरान भाजून निघते, विहिरी तळाला जातात, गुरांना हिरवी काडी मिळत नाही. नेमक्या या दिवसांत, पाण्याचा थेंबही पडलेला नसताना, कोरड्या जमिनीतून रानकांद्याचा दांडा सरळ वर येतो. त्यावर एकही पान नसते. हिरवट, तपकिरी छटेची घंटेसारखी लहान लहान फुले त्यावर लोंबतात. फुले दिखाऊ नाहीत आणि प्रत्येक फूल फार काळ टिकतही नाही. पुढे बोंडे धरतात, ती तडकतात आणि त्यांतून काळे, चपटे, पातळ पंखांचे बी वाऱ्यावर जाते. पहिला पाऊस पडतो तेव्हा बी रुजण्यासाठी जागेवर पोहोचलेले असते. पावसाच्या आधी फुलण्याचे प्रयोजन यावरून ध्यानात येईल.

हे फुलणे बाहेरच्या पाण्यावर होत नाही, ते गतवर्षीच्या शिलकीवर होते. ज्या घराने सुगीत कणगी भरून ठेवली त्या घरी ज्येष्ठातही चूल पेटते, तसाच हा प्रकार आहे.

ढालीखालचा दिवा

आता काजवा. काजव्याला आपण माशी समजतो, परंतु तो भुंगेरा आहे. भुंगेऱ्यांचे पुढचे पंख टणक असतात आणि ते ढालीप्रमाणे मागच्या नाजूक पंखांना झाकतात. साडेतीन लाखांहून अधिक ज्ञात जातींचा हा भुंगेऱ्यांचा गण म्हणजे कीटकसृष्टीतील सर्वांत मोठा गण होय. त्यांतील एका कुलात काजवे येतात. जगात त्यांच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. नारळाच्या बागा पोखरणारा गेंड्या भुंगा आणि आपल्या अंगणातला काजवा हे एकाच विस्तृत गोतावळ्यातील होत.

आपण ज्याला काजवा म्हणतो ती या प्राण्याच्या आयुष्याची अखेरची दोन-तीन आठवड्यांची अवस्था. मादी ओलसर मातीत किंवा पालापाचोळ्याखाली अंडी घालते. त्यांतून अळी बाहेर पडते आणि कित्येक महिने, काही जातींत त्याहूनही अधिक काळ, ती जमिनीवरच्या ओलाव्यात राहते. ही अळी शिकारी आहे. गोगलगायी, शेंबड्या गोगलगायी आणि गांडुळे हे तिचे भक्ष्य. स्वतःहून मोठ्या गोगलगायीला ती चावते, त्या चाव्यातून तिला बधिर करणारा रस सोडते आणि मग तिचे मांस विरघळवून शोषून घेते. भाताच्या रोपवाटिकेत वा भाजीच्या वाफ्यात गोगलगायींचा उपद्रव सोसणाऱ्या शेतकऱ्याला हा मित्र न बोलावता लाभलेला असतो. श्रीलंकेत तर काजव्याच्या एका मोठ्या जातीच्या अळ्या आफ्रिकन गोगलगायीसारख्या दांडग्या उपद्रवी प्राण्यालाही खातात, हे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

अळी पुष्ट झाली की ती कोषावस्थेत जाते आणि वळवाच्या सुमारास प्रौढ काजवा पंख घेऊन बाहेर येतो. अनेक जातींचे प्रौढ काजवे काहीही खात नाहीत. अळी असताना साठविलेल्या चरबीवर ते जगतात, उडतात, प्रकाशतात, जोडीदार शोधतात आणि संपून जातात. ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा अशा झाडांवर हजारो नर एकत्र जमून एका तालात उघडझाप करतात, तेव्हा पाहणाऱ्याला तो आनंदोत्सव वाटतो. खरे पाहता ती शिल्लक खर्ची घालण्याची घाई आहे.

तो प्रकाश कसा निर्माण होतो, हेही थोडक्यात सांगतो. फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युबुआ यांनी १८८५ ते १८८७ या काळात असे दाखवून दिले की, सजीवांचा प्रकाश दोन द्रव्यांच्या संयोगाने उत्पन्न होतो. त्यांना त्यांनी ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज ही नावे दिली. पुढे १९४७ साली अमेरिकेत विल्यम मॅकेलरॉय यांनी सिद्ध केले की, काजव्याच्या प्रकाशाला प्राणवायूबरोबरच एटीपी हे द्रव्य लागते. एटीपी म्हणजे प्रत्येक सजीव पेशीतील शक्तीचे चलनी नाणे. मॅकेलरॉय यांनी प्रयोगांसाठी बाल्टिमोरमधील मुलांकडून शंभरास पंचवीस सेंट या दराने काजवे विकत घेतले होते. या संशोधनाचा लाभ पुढे साऱ्या जगाला झाला. अन्नपदार्थांत वा कारखान्यातील यंत्रांवर जंतू राहिले आहेत काय, हे काजव्याच्या या द्रव्याच्या साहाय्याने आज काही क्षणांत तपासता येते. आपल्या जुन्या तापणाऱ्या विजेच्या दिव्यात दहा टक्क्यांहूनही कमी शक्तीचा प्रकाश होत असे आणि उरलेली उष्णतेत जात असे. काजव्याचा दिवा मात्र हातावर घेतला तरी पोळत नाही.

एकच हिशोब, एकच विष

आता त्या ठाकूर वृद्धाच्या वाक्याकडे वळू. रानकांद्याने पावसाळ्यात पानांद्वारे कमावले, काजव्याने अळीच्या रूपाने कमावले. एकाने ते पापुद्र्यांत ठेवले, दुसऱ्याने चरबीत. दोघांनीही ते मातीच्या आश्रयाने जपले. आणि दोघांनीही ते उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, थोड्या दिवसांत, केवळ पुढच्या पिढीसाठी खर्च केले. दांडा आणि दिवा ही एकाच हिशोबाची दोन रूपे आहेत.

याहून आश्चर्यकारक असे एक साम्य रसायनशास्त्राने उघड केले आहे. रानकांदा विषारी आहे. वाडीवरची बाई कडू कंदसुद्धा उकडून, पाण्यात ठेवून, खाण्याजोगे करून घेते. रानकांद्याला मात्र ती जेवणासाठी हात लावीत नाही. त्याच्या रसाने त्वचेला खाज सुटते आणि पोटात गेल्यास तो हृदयावर परिणाम करतो. हृदयाच्या स्नायूपेशींत क्षारांची ये-जा नियमित ठेवणारी जी यंत्रणा असते, तिला यातील द्रव्ये अडवितात. मात्रा अत्यल्प असेल तर हृदयाचे आकुंचन जोरकस होते. ती थोडी वाढली की तेच ठोके बिघडतात. भूमध्य समुद्राच्या काठी उगवणारा याचा भाऊबंद प्राचीन ग्रीकांच्या औषधांत होता आणि आपला रानकांदा त्याचा पर्याय म्हणून कफाच्या व हृदयाच्या औषधांत वापरला गेला. औषध आणि विष यांतील अंतर येथे इतके थोडे आहे की, घरगुती प्रयोग कोणीही करू नये, हे मी येथे आग्रहाने सांगतो.

या द्रव्यांच्या वर्गाला ब्युफाडायेनोलाइड म्हणतात. 'ब्युफो' हे लॅटिन नाव भेकाचे, म्हणजे खरबरीत कातडीच्या बेडकाचे. कारण त्याच्या कातडीतील विष याच वर्गातील आहे. आता पाहा. १९७८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस आयझ्नर, जेरल्ड माइनवाल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील काजव्यांतून याच घडणीची द्रव्ये वेगळी केली आणि त्यांना ल्युसिब्युफॅजिन असे नाव दिले. प्रयोगशाळेतील एक पक्षी इतर किडे आनंदाने खाई, पण काजवे नाकारी. त्यावरून या शोधाला दिशा मिळाली. तेथील दुसऱ्या एका वंशाच्या माद्यांना हे विष स्वतःला पुरेसे बनविता येत नाही. म्हणून त्या परक्या जातीच्या मादीसारखा प्रकाशसंकेत करून तिच्या नराला बोलावितात, त्याला खातात आणि त्याचे विष आपल्या अंगी आणतात. सर्वच काजव्यांत हे द्रव्य असते असे नाही. तरीही एका कंदाला, एका बेडकाला आणि एका भुंगेऱ्याला स्वसंरक्षणासाठी जवळजवळ एकाच साच्याचे हत्यार सापडावे, ही निसर्गाची काटकसर विचार करावयास लावणारी आहे. जो साठवितो त्याला राखण लागतेच. भरलेल्या कणगीला कडी हवी.

जेथे दोघे वेगळे होतात

साम्य पाहिले; आता भेद पाहू, कारण आपल्या उपयोगाचे जे आहे ते या भेदांत आहे.

रानकांदा अनेक वर्षे जगतो आणि पुन्हा पुन्हा फुलतो. एखादे वर्ष वाईट गेले तर तो फुलण्याचे लांबणीवर टाकू शकतो. काजव्याला ही सवलत नाही. त्याची फुलण्याची वेळ आयुष्यात एकदाच येते आणि ती हुकली की त्याचा वंश तेथे खुंटतो.

डोंगरावर वणवा आला तर वरचे गवत जळते, परंतु मातीत खोल असलेला कांदा बहुधा वाचतो. काजव्याची अळी आणि कोष मात्र पाचोळ्यात व मातीच्या वरच्या थरात असल्याने वणव्यात सापडतात. उलट, मुरमासाठी उतार खणला गेला की कांदा मातीबरोबर ट्रकमध्ये जातो. शेजारच्या राईत काजवे मात्र काही काळ दिसत राहतात.

रस्त्याचा दिवा रात्रभर जळत राहिला तर रानकांद्याचे फारसे बिघडत नाही. काजव्याचे सर्वस्व बिघडते. नर आपल्या जातीची खूण प्रकाशाने देतो आणि मादी तिला प्रकाशानेच उत्तर देते. मोठ्या दिव्याच्या झोतात ही खूण दिसत नाही. भर बाजारात ध्वनिक्षेपक लावल्यावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये, तसे ते आहे. जगभरच्या काजवे-तज्ज्ञांची मते घेऊन २०२० साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात काजव्यांवरील संकटांत निवासाचा नाश प्रथम आणि त्यापाठोपाठ कृत्रिम प्रकाश व कीटकनाशके यांचा निर्देश आहे.

आणखी एक भेद. रानकांद्याचे बी पंखांचे असल्याने वाऱ्याबरोबर दूर जाऊ शकते. काजव्यांच्या काही जातींत मादीला पंखच नसतात. अशा जाती एका राईतून गेल्या की दुसरीकडून सहजी येत नाहीत.

यावरून माझ्यासारख्या सामान्य माणसालाही एक साधन हाती येते. रानकांदा जेथे टिकून आहे, तेथील जमीन अनेक वर्षे उलटीपालटी झालेली नाही. काजवा जेथे टिकून आहे, तेथील जमिनीत ओल आहे, पाचोळा आहे, विषारी फवारणी बेताची आहे आणि रात्रीला अंधार आहे. रानकांदा आहे पण काजवा नाहीसा झाला, असे जेथे आढळेल तेथे खणकामाला दोष देण्याआधी दिवे, वणवा आणि फवारणी यांच्याकडे पाहावे. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु चौकशी कोठून सुरू करावी हे त्यावरून कळते. हे दोघे भूमीचे साक्षीदार आहेत आणि प्रत्येकाची साक्ष वेगळ्या बाबीची आहे.

पनवेलचा प्रश्न

हे सारे मी पनवेलमध्ये सांगत आहे, याला कारण आहे. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले हे जुने व्यापारी गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या महानगराचा विस्तार या बाजूला वळला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग येथूनच निघाला. २०१६ साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. २०२५ साली नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली आणि नदीचा प्रवाह वळविण्यात आला. या घडामोडींनी लाखो कुटुंबांना घर आणि रोजगार दिला. या गोष्टींचा मी उपहास करणार नाही. कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या पिढीला विजेचा दिवा काय असतो, हे सांगावे लागत नाही.

मी स्वतः माहिती खात्याचा माणूस. वाडीवस्तीवर वीज पोहोचल्याच्या कितीतरी वार्ता मी लिहिल्या आणि त्यांना 'अंधारातून प्रकाशाकडे' असे मथळे दिले. त्यांतील एकही वार्ता मला आज मागे घ्यावयाची नाही. बाळंतिणीच्या खोलीत, शाळेच्या वर्गात, विहिरीच्या वाटेवर दिवा हवाच. परंतु ज्या रस्त्याने मध्यरात्री कोणी जात नाही तो रस्ता, ज्या फलकाकडे कोणी पाहत नाही तो फलक आणि ज्या झाडाखाली कोणी बसत नाही ते झाड रात्रभर उजळून आपण कोणता अंधार दूर करतो, हा प्रश्न त्या लेखनात मी कधी विचारला नाही. तो आज विचारतो आहे.

सुदैवाने पनवेल तालुक्याजवळ अद्याप बरेच शिल्लक आहे. शिरढोण ओलांडले की आंगठ्यासारख्या सुळक्याचा कर्नाळा दिसतो. त्याच्या भोवतीचे वन १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि पुढे त्याचे क्षेत्र वाढवून बारा चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक करण्यात आले. पलीकडे प्रबळगड आहे. माथेरानच्या परिसराला २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला. अभयारण्याच्या सीमेवर कायदा थांबतो, पण काजवा थांबत नाही आणि दिव्याचा झोतही थांबत नाही. म्हणून अभयारण्याबाहेरचे उतार, ओढ्याकाठच्या राया, शाळांची मागची आवारे आणि देवराया यांचा विचार आपणच करावयाचा आहे.

आपल्याला काय करता येईल

काही गोष्टींना पैसा लागत नाही. शेतातील राब ही कोकणची जुनी रीत आहे. परंतु राबाची आग बांधाबाहेर जाऊ न देणे आणि डोंगरउतारावरचा पाचोळा न जाळणे आपल्या हातात आहे. ओढ्याकाठी तणनाशक व कीटकनाशक फवारताना हात आखडता घेता येईल. रानाला लागून असलेल्या रस्त्यांवरचे दिवे वरून झाकलेले, खाली पाहणारे आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर असावेत. मे अखेरीपासून जून अखेरीपर्यंत रहदारी थांबल्यावर त्यांतील अनावश्यक दिवे बंद ठेवावेत, असा ठराव ग्रामपंचायत करू शकते. जेथे रीतसर परवानगीने खोदकाम व्हावयाचेच आहे, तेथे आधी फिरून रानकांद्याचे कंद शाळेच्या कुंपणाकडे, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी, हलविता येतील. मात्र रानातला नांदता कांदा हौसेखातर उपटून आणू नये.

काजवे पाहण्यासाठी लोक आता दुरून येतात. भंडारदऱ्याच्या परिसरात हा हंगाम मोठ्या गर्दीचा झाला आहे आणि तेथील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन विभागाला वाहनांवर व पर्यटकांच्या वर्तनावर बंधने घालावी लागली आहेत. आपल्या तालुक्यात ती वेळ येण्यापूर्वीच आपण शिस्त लावून घेऊ. विजेरी बंद ठेवावी, गाडीचे दिवे मालवावेत, गवत तुडवू नये. मादी पुष्कळदा गवतातच असते. आपल्याला ती दिसत नाही, पण पायाखाली येते. आणि काड्यापेटीतला काजवा सकाळपर्यंत जगत नाही, ही गोष्ट मोठ्यांनी लहानांना सांगावी.

शेवटची गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. या कामाला दिशा देण्यासाठी २०१२ साली नागपूर येथे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ स्थापन झाले. नोंदवहीत काय लिहावे, असे पुष्कळदा विचारले जाते. मी एक साधी सूचना करतो. प्रत्येक शाळेने एक वही घालावी आणि दरवर्षी तिच्यात तीन तारखा लिहाव्यात : रानकांद्याचा पहिला दांडा कोणत्या दिवशी दिसला, पहिला काजवा कोणत्या रात्री दिसला आणि पहिला पाऊस केव्हा पडला. शेजारी जागा लिहावी, आणि त्या जागेपासून सर्वांत जवळचा दिवा किती पावलांवर आहे तेही लिहावे.

याला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. वही लागते आणि दहा वर्षे चिकाटी लागते. दहा वर्षांनी त्या वहीतून पनवेलच्या भूमीविषयी जे कळेल, ते आज माझ्या खात्याच्या कोणत्याही माहितीपत्रकात नाही. आणि एखाद्या वर्षी दुसऱ्या तारखेची जागा रिकामी राहिली, तर ती रिकामी जागाही तशीच जपून ठेवा. तीसुद्धा साक्षच असते.

यंदाचा हंगाम सरला आहे. त्या उतारावर आज रानकांद्याची पाने वर आली असतील आणि ऐनाखालच्या ओल्या पाचोळ्यात काजव्याच्या अळ्या गोगलगायी शोधीत असतील. दोघांचीही कमाईची वेळ सुरू झाली आहे. आपण आज रोपे लावणार आहोत; खड्डे खणताना कुदळीला एखादा पापुद्र्यांचा पांढरा कंद लागला, तर तो पुन्हा मातीत ठेवा आणि खड्डा हातभर अलीकडे घ्या. माझ्या आजच्या बोलण्याचा एवढा उपयोग झाला तरी मी समाधानी आहे.